बंकर नको, गच्चीची किल्ली द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सोसायटी, चिपळूण

विषय : पार्किंगखालील बंकरच्या ठरावास हरकत

स. न. वि. वि.

रविवारच्या सभेची विषयपत्रिका मिळाली. 'पार्किंगखाली आपत्कालीन बंकर, प्रत्येक फ्लॅटमागे ७५ हजार.' युद्धाच्या बातम्या आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून कुणाच्या मनात हे आलं असेल तर मी हसणार नाही. स्वित्झर्लंडने १९६३ सालच्या कायद्याने इमारतींखाली असे आसरे बांधून घेतलेच. पण ते अणुबॉम्बच्या भीतीने. आपल्याकडे येतो तो वाशिष्ठी नदीचा पूर.

२२ जुलै २०२१. वीज गेली म्हणून जिन्यात टॉर्च मारला, तर मीटर बुडालेले आणि पाणी सातव्या पायरीवर. वरून घाटातलं पाणी, खालून दाभोळच्या खाडीची भरती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे भरतीला उधाण. उजाडेपर्यंत आमच्या पहिल्या मजल्याच्या उंबऱ्याला लागलं. सासूबाईंना खुर्चीत बसवून वर नेलं, तर गच्चीला कुलूप! किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, केबिन पाण्याखाली. शेवटी पाट्यावरच्या वरवंट्याने कडी तोडली. त्या गच्चीवर आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी बोट येईपर्यंत होतो.

त्या रात्री बंकर असता तर आपण खाली गेलो असतो. मग? दार बाहेर उघडणारं, एक मीटर रुंद आणि त्याला बाहेरून फक्त मीटरभर पाणी लागलं, तरी दारावर ५०० किलोचा रेटा येतो. आतून कोण ढकलणार, आमच्या सासूबाई? आत उघडणारं केलंत तर कडी काढताच पाणी आत. आणि हवा घ्यायचा पाइप किती उंच न्यायचा, तेही ठरावात नाही. आत्ताच लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला जुलैभर पंप लावावा लागतो, त्याचं बिल आपणच भरतो.

जमिनीखाली आपली एक टाकी आहेच. पुरानंतर तिच्यातून चिखल निघाला, मेलेला बेडूकही. सगळीकडे पाणी आणि प्यायला घोट नाही, म्हणून ताडपत्रीत पावसाचं पाणी धरून टोपात भरलं. वरच्या टाकीचं तेवढं बघा. माणशी रोज ३ लिटर धरलं तर आपल्या ४० माणसांना तीन दिवसांना ३६० लिटर होतात. पाचशे लिटरची वेगळी टाकी गच्चीवर बसवली, पावसाळ्यात महिन्याला पाणी बदललं, की झालं.

बाकी पैशांतून मीटर वर न्यावेत, त्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज आत्ताच करावा लागेल. गच्चीवर पत्र्याची शेड, दोरखंड, तरंगायला हवेच्या ट्यूब, शिट्ट्या, टॉर्चचे सेल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना इन्सुलिन लागतं, त्यासाठी थर्मास आणि बर्फाची सोय कोण करणार हे आधी ठरलेलं असावं. या सगळ्याला फ्लॅटमागे ७५ हजार लागणार नाहीत.

माझी हरकत इतिवृत्तात नोंदवावी, ही विनंती.

आपली,
फ्लॅट क्र. १०३

ता. क. गच्चीला नवी कडी बसवून कुलूप घातलेलं काल पाहिलं. वॉचमनला विचारलं. किल्ली केबिनमध्येच आहे.