मातीचे नमुने मुलांनाच घेऊ द्या

महोदय,

नातवाच्या शाळेत ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिनाची चित्रकला स्पर्धा झाली. विषय ‘माती वाचवा’. आवारात मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक! ठाण्यातल्या बहुतेक शाळांची हीच तऱ्हा.

कृषी सहायक म्हणून माझी नोकरी शहापूर-मुरबाडकडे झाली. २०१५ साली जमीन आरोग्य पत्रिका आली. शेतातली माती तपासून तिचा सामू (आम्ल-विम्लपणा), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणखतातून मातीत येणारा कार्बन), नत्र, स्फुरद, पालाश, जस्त अशा १२ बाबींची नोंद असलेला कागद. तो बहुतेक घरांत कॅलेंडरमागे खोचलेला दिसे आणि भाताला युरिया पडे शेजारच्याने टाकला म्हणून. ती पत्रिका नीट वाचू शकेल असं घरातलं माणूस म्हणजे आठवी-नववीतली पोर. तिला शाळेत ती कुणी दाखवलेलीच नसायची.

केंद्र सरकारने केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांत मातीपरीक्षणाचा उपक्रम सुरू केला, हे चांगलंच. जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांनी मात्र त्याची वाट बघत बसू नये. नमुना घ्यायला लागतंच काय? खुरपं, घमेलं, स्वच्छ कापड. बांध, झाडाची सावली, शेणखताची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी कापडावर एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. आणि खताच्या रिकाम्या गोणीत भरायची नाही! मोठी माणसंही हे हमखास करतात, मग अहवालात भलतेच आकडे येतात.

डिसेंबरात आपल्याकडे भात कापून झालेलं असतं, खाचरं मोकळी असतात. रब्बीला खत पडण्याआधी नमुना घ्यायला हेच दिवस बरे. गावाकडच्या मुलांनी घरच्या खाचरातला घ्यावा. शहरातल्या मुलांसाठी आवाराच्या एका कोपऱ्यातले ब्लॉक उखडावेत, तिथे डब्यातलं उरलंसुरलं आणि पालापाचोळा कुजवून घालावा, आणि आधीचा व वर्षानंतरचा सेंद्रिय कर्ब त्यांनाच ताडून बघू द्यावा. तो ०.५ टक्क्यांखाली असला तर जमीन कमी कर्बाची धरतात, एवढं फळ्यावर लिहून ठेवलं की पुरे.

नमुने जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत पाठवावेत. अहवाल आल्यावर तो मुख्याध्यापकांच्या कपाटात न जाता वर्गात वाचला जाईल, एवढं शिक्षण विभागाने बघावं.

– एक निवृत्त कृषी सहायक, कळवा