हजार विड्या वळणारा हात

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : लकव्यानंतरच्या फिजिओथेरपीबाबत

महोदय,

माझी आई सोलापुरात विडी घरकुलात राहते. विडीची मजुरी हजारावर मिळते (सैल वळलेली छाटात जाते, म्हणजे बाद होते), म्हणून आमच्या घरात दिवससुद्धा हजारातच मोजला जायचा. एका सकाळी मांडीवरचं सूप घसरलं, पानं फरशीभर झाली आणि आईची उजवी बाजू गेली. शेजारणी म्हणाल्या, वारं गेलं. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला दवाखान्यात पोचल्यावर कळलं. तो दोष आमचाच. माझं गाऱ्हाणं त्याच्या पुढचं आहे.

नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कागदावर एक ओळ होती : ‘व्यायाम चालू ठेवा’. कोणता, किती, कुणाकडे, काही नाही.

मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही, पण शेजारचा भाग त्याचं काम शिकू शकतो. शिकतो तो एकाच मार्गाने, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून. पहिल्या काही महिन्यांत तर तो सगळ्यात लवकर शिकतो. अमेरिका आणि कॅनडात लकव्याच्या रुग्णांची व्यायामाची सत्रं बसून मोजली, २००९ साली निकाल आला : ज्या सत्रांत हाताच्या कामाच्या हालचाली झाल्या, त्यांतही त्या सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो रोज शेकड्यांनी हालचाली केल्यावर. विडीवालीच्या लेकीला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

आई म्हणायची, “हात माझाच हाय, पण ऐकंना गेलाय बघ.” आम्ही तिच्या चांगल्या डाव्या हाताला टॉवेल गुंडाळायचो, म्हणजे ताटातले हरभरे उजव्यानेच उचलावे लागायचे. पहिल्या दिवशी अकरा उचलले आणि ताट ढकलून दिलं. खाजगी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायच्या, कोपराखाली हाताला स्नायूंना हलका करंट देणारी मशीन लावायच्या, त्याने बोटं उघडायची. ती उघडली की आई लगेच हरभऱ्याकडे हात न्यायची. दोन महिन्यांनी पैसे संपले आणि मशीनही गेली. जनआरोग्य योजनेचं कार्ड आहे आमच्याकडे. ते भरती असेपर्यंत कामाला आलं.

आता सरकारी रुग्णालयांत रुग्णाचा हात धरून हालचाल करून घेणारे रोबोट आणा, अशी मागणी होते. मीही केली असती. पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर हाताच्या रोबोटची चाचणी झाली, २०१९ साली निकाल आला : हाताच्या कामात नेहमीच्या उपचारापेक्षा फरक पडला नाही. मग घरच्यांनाच शिकवून सोडावं का? तेही आपल्याच देशात करून झालंय. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण, निकाल २०१७ सालचा. सहा महिन्यांनी परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाण कमी झालं नाही. मी हे घरी करून बघितलंय, मला नवल वाटलं नाही. सकाळी पाणी भरायचं, मग कामावर जायचं, आणि संध्याकाळी आईचा हात हातात घेतला की आपलेच डोळे मिटतात.

म्हणून फीत कापण्यापुरतं एक मोठं यंत्र सोलापूरला नको. पंढरपूर, करमाळा, अक्कलकोटच्या सरकारी रुग्णालयांत आणि शहरातल्या नागरी आरोग्य केंद्रांत रोज बसणारा फिजिओथेरपिस्ट द्या. त्याच्याकडे करंटच्या चार-सहा मशीन असाव्यात, घरी नेता येतील अशा, नोंद करून. मनगटावर बांधायचे, हालचाली मोजणारे पट्टे असावेत. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने आकडा विचारावा, चुकतंय तिथे टोकावं. आणि योजनेत डिस्चार्जनंतरचे सहा महिने धरा. रिक्षाभाड्यासकट धरा, कारण आमच्या गल्लीतली दोन माणसं रिक्षाच्याच पैशापायी घरी बसली.

आई आता उजव्या हाताने पाण्याचा तांब्या धरते, टेकवताना थोडं सांडतं. परवा तिने सूप मागितलं. एक विडी वळली, सैल, दोरा मी बांधला. तिने ती उलटसुलट बघितली आणि म्हणाली, “ही छाटात जाईल.” आणि दुसरं पान घेतलं.

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी,
सोलापूर