वृंदास पत्र: कडक डोहाळ्यांचे दिवस

प्रिय वृंदा,

"काय खावंसं वाटतंय? करून पाठवते," असं तू विचारलंस. फोनवर बोलता बोलताच उमासे येतात, म्हणून लिहून कळवते: काहीही नाही. चिंचा-कैऱ्या तर नकोतच. त्यांचं कौतुक डोहाळजेवणातल्या गाण्यांपुरतं ठीक आहे.

हा त्रास सकाळचा, असं म्हणतात. मला दुपारी चारला होतो, रात्री कूस बदलली तरी होतो. उलटी एकवेळ परवडली, होऊन तरी जाते. मळमळ मात्र ठाण मांडून बसते. शेजारी लसणाची फोडणी पडली की मी खिडक्या लावून घेते. अमोलला साबण बदलायला लावला, तरी तो जवळ आला की मी तोंड फिरवते. बिचारा आता हॉलमध्ये झोपतो. दात घासायचे म्हटलं तरी पोटात गोळा येतो. पुस्तक वाचवत नाही, मोबाइलकडे बघवत नाही. अंथरुणात पडून पुढचा उमासा कधी येईल याची वाट बघायची, एवढंच काम. बाळ हवंहवंसं होतं गं, पण त्याचा विचार करायला सवडच मिळत नाही. आनंद का होत नाही म्हणून मन खातं, ते वेगळंच.

वरून "सगळ्यांनाच होतं!" होतं खरं, दहातल्या सात-आठ जणींना, पण सारखं होत नाही ना! सासूबाई निदान आमसुलाचं सार उशाशी आणून ठेवतात. ऑफिसात मात्र "हा काय आजार आहे?" असं ऐकवलं. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेखेरीज महिनाभर पगारी रजा कायद्याने मिळते, डॉक्टरांचा दाखला लागतो. दाखला जोडून अर्ज टाकलाय.

मनाचे खेळ म्हणणाऱ्यांसाठी डॉक्टरीणबाईंनी छान उत्तर दिलं. २०२३ च्या डिसेंबरात 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात संशोधन छापून आलं: गर्भाकडून आणि वारेतून जीडीएफ१५ नावाचं हार्मोन आईच्या रक्तात येतं. आधीपासून ते जिच्या अंगात कमी, तिला त्रास जास्त. म्हणजे "मन रमव" म्हणून काही होणार नाही! मला तर ऐकूनच निम्मं हलकं वाटलं.

डॉक्सिलामाइन हे मळमळीवरचं औषध आणि बी-६ जीवनसत्त्व यांची गोळी रात्री घेते, थोडा उतार आहे. मध्यंतरी पाणीसुद्धा ठरेना, लघवी गडद झाली, तपासणीत कीटोन (पोटात अन्न नसल्याने शरीर चरबी जाळतंय याची खूण) निघाले, तेव्हा सलाईन लावावं लागलं. अशा वेळी घरी थांबायचं नसतं, हे तुझ्या वहिनीलाही सांगून ठेव. बहुतेकींना चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत आराम पडतो, काहींना शेवटपर्यंत नाही. माझं काय होतंय बघू.

रविवारी ये. डबा नको, साळीच्या लाह्या आण. अत्तर लावून आलीस तर दारातूनच परत पाठवीन. आणि बाळाचं नाव काय ठेवणार वगैरे विचारू नकोस. तुझ्या सोसायटीतल्या भांडणांचं पुढे काय झालं ते सांग.

तुझी,
मीनल