बाळंतिणीचे म्हणणे कोण नोंदवणार?

माननीय संपादक महोदय,

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंची सून गेल्या महिन्यात शहरातील एका सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. सारे सुखरूप पार पडले. मात्र दोन औषधे बाहेरून आणावी लागली आणि घरी परततानाचे रिक्षाभाडेही पदरचेच गेले. जून 2011 पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधे, तपासण्या, रक्त, साध्या प्रसूतीनंतर 3 दिवस व सिझेरियननंतर 7 दिवसांपर्यंतचे जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सर्व विनामूल्य आहे, याची त्या घरात कोणालाच कल्पना नव्हती. मलाही ते शोधल्यावरच कळले, हे कबूल करतो.

या सुनेच्या तपासण्या, लसी, प्रसूतीची तारीख हे सगळे सरकारी संगणकात नोंदलेले आहे. तिच्याविषयीची माहिती वरपर्यंत पोहोचते; तिचे म्हणणे तेवढे पोहोचत नाही. तक्रारीसाठी 181 ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे, पण आपल्याला काय मिळायला हवे होते हेच जिला ठाऊक नाही, ती तक्रार कशाची करणार? शिवाय नोंदवलेला मोबाइल नवऱ्याचा, आणि तो दिवसभर पीथमपूरच्या कारखान्यात.

आसामच्या शोणितपूर जिल्ह्यातील चहामळ्यांत स्वयंसेवी संस्थांनी 2014 च्या सुमारास तेथल्याच स्त्रियांना शिकवून, कोणती सेवा नाकारली गेली ते साध्या एसएमएसने सांकेतिक अंकांत कळवण्याची सोय केली होती. असे संदेश एकत्र करून त्यांच्या आधारे प्रशासनाकडे दाद मागण्यात आली. त्यासाठी महागडा फोन लागला नाही.

बाळंतपणात स्त्रीचा जीव न वाचणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे आपल्याच इंदूर खंडपीठाने 2012 मध्ये म्हटले होते. तरीही 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 मातांचा मृत्यू होत असताना मध्य प्रदेशात हा आकडा 173 होता.

म्हणून जिल्हा आरोग्य विभागास विनंती आहे की, बाळंतीण घरी गेल्यावर आठवड्याभरात तिला, शक्यतो तिच्या स्वतःच्या क्रमांकावर, माळवी, निमाडी किंवा भिलीत एक फोन जावा. औषधाला पैसे पडले का, जेवण मिळाले का, गाडी मिळाली का, एवढेच विचारावे. उत्तर फोनवरचा 1 किंवा 2 हा अंक दाबून देता यावे. तिचे नाव गुप्त ठेवून रुग्णालयनिहाय उत्तरे दरमहा जाहीर करावीत, आणि ज्यांचे पैसे गेले त्यांना ते परत मिळण्याची मुदतही ठरवून द्यावी.

आपला,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर