गिळलं म्हणजे मेलं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शेतीपानावरचा गोचीडतापाचा लेख वाचला. लेखकमहाशयांची भाषा गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून फस्त करतात, तेव्हा ढेप-गूळ चारा, प्रतिकारशक्ती वाढवा, ताप आपोआप उतरेल, हा सल्ला मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा सौ. काही न बोलता उठून कोठ्याकडे गेल्या.

गेल्या आखाडात आमची संकरित जर्सी गेली. दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर देणारी. पहिल्या दिवशी सौ. म्हणाल्या, "अजी, गाय कुटाराले तोंडच लावून नाही राह्यली." अंग तव्यासारखं तापलेलं, डोळ्यांतून पाणी. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी होती, ती तिसऱ्या दिवशी संत्र्याएवढी झाली. संत्र्याच्या पट्ट्यातला माणूस आहे, मापात चुकणार नाही. जे उपचाराला आले त्यांनी तापाचं आणि एक अँटिबायोटिक टोचलं, आणि तुमच्या लेखकांसारखंच सांगितलं, ताकद येऊ द्या, शरीर लढतं. आम्ही गूळ चारत राहिलो. काचपट्टीवर रक्त घेतलं ते पाचव्या दिवशी. सहाव्या दिवशी गाय नाही.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचलं आणि कळलं ते असं. गोचिडाच्या लाळेतून येणारा थायलेरिया, म्हणजे या तापाचा जंतू, त्या पांढऱ्या पेशींतच घर करतो. पेशीच्या आत शिरला की भोवतीचं आवरण काही मिनिटांत विरघळवून मोकळा होतो, त्यामुळे गिळलेलं पचवायची जी आम्लाची पिशवी पेशीकडे असते ती त्याच्यावर रिकामी होतच नाही. पुढे तो त्याच पेशीला भराभर दुभंगायला लावतो, कर्करोगासारखं, आणि प्रत्येक वेळी स्वतःही दोन्हीकडे वाटला जातो. ती संत्र्याएवढी गाठ म्हणजे हाच कारभार. पहारेकरीच चोराची पोरं सांभाळतो आहे, आणि आम्ही पहारेकऱ्याला गूळ चारत होतो! बिहारकडे माणसांना होणाऱ्या काळा आजाराचा जंतू तर त्याहून निगरगट्ट, तो त्या आम्लाच्या पिशवीतच बसून वाढतो. काळा आजाराचे हे जंतू 1903 साली लाइश्मन आणि मद्रासच्या डोनोव्हन यांनी दाखवले, म्हणजे ही काही कालची बातमी नाही.

गोचीडतापावर ब्युपार्व्हाक्वोन नावाचं इंजेक्शन आहे. लवकर टोचलं तर गुण येतो. 'लवकर' हा शब्द तुमच्या अख्ख्या लेखात एकदाही नाही. लसही आहे. तिच्यात हाच जीव, पेशींमध्ये वाढवून दुबळा केलेला, आणि ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. आता गंमत बघा. जर्सी-होल्स्टीनच्या रेतनाच्या कांड्या त्याच द्रव नायट्रोजनच्या कॅनमधून मोटारसायकलवर आमच्या गावात बिनचूक येतात. लस मात्र म्हणे थंडी सांभाळता येत नाही म्हणून येत नाही. या तापानं लवकर मरणारं जनावर पोचवायची सोय आहे, वाचवायची नाही. आमच्या वडिलांच्या गवळाऊ गाईंच्या अंगावर गोचीड काय कमी होते? पण अशी पटापट पडलेली एकही मला आठवत नाही. अर्थात बारा लिटर दूधही त्यांनी कधी दिलं नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

आणखी एक. लेखात गोचिडाला 'सहा पायांचा कीटक' म्हटलं आहे. सहा पाय त्याच्या पिल्लाला. मोठ्या गोचिडाला आठ, आणि तो कीटक नव्हे, कोळी-विंचवाच्या गोतातला. आमच्या शाळेतल्या पोरांनी हे लिहिलं असतं तर मी अर्धा मार्क कापला असता.

दुरुस्ती छापणार असाल तर शेतीपानावरच छापा. मागच्या खेपेला सोयाबीनच्या फवारणीचं प्रमाण चुकलं होतं, त्याची दुरुस्ती वधू-वर पाहिजेच्या खाली सापडली, तीही फवारणी उरकल्यावर. गेलेल्या जर्सीच्या कालवडीच्या कानामागे मी रोज हात फिरवतो. आज सकाळी दोन निघाले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व गोपालक
ता. आर्वी, जि. वर्धा