बाबांची सुई सोपी करणाऱ्या सिस्टरना

नौपाडा, ठाणे

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं घरी येणं आता थांबलंय, पण तुमचे मनापासून आभार मानायचे राहिले होते. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण इन्शुलिनच्या वेळी ताण असणारी घरं आपल्या ठाण्यात पुष्कळ असणार.

बाबा ७८ वर्षांचे. सुई दिसली की पोट आवळून धरायचे, "आज राहू दे गं" म्हणायचे. "एवढंसं तर टोचतं" असं म्हाताऱ्या माणसाला सांगू नये. त्यांना दुखतं म्हणजे दुखतंच. हे तुम्ही पहिल्याच दिवशी मान्य केलंत, आणि मला वाटतं बाबा तिथेच तुमचे झाले.

तुम्ही आधी पोट चाचपलंत. रोज एकाच जागी टोचून बेंबीच्या डावीकडे गाठ आली होती. अशा गाठीत इन्शुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून जागा बदलत राहायची, बेंबीपासून दोन बोटं लांब. सुई ४ मिलिमीटरची आणि दर वेळी नवी. फ्रिजमधून काढलेलं इन्शुलिनचं पेन थोडा वेळ बाहेर ठेवायचं, गार औषध जास्त झोंबतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं.

मग गप्पा. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, हे तुम्ही बोलता बोलता काढून घेतलंत. "बाबा, कर्जतहून ठाण्याला यायचंय. स्टेशनं सांगा." ती त्यांना तोंडपाठ, त्यामुळे लक्ष परत सुईकडे जायचं. म्हणून तुम्ही एकाआड एक सांगायला लावलीत. कर्जत, नेरळ... जरा थांबून वांगणी... "आता टोचतेय हं, बाबा. पुढचं?" अंबरनाथ, विठ्ठलवाडी. बटण दाबून मनात दहा अंक मोजून ठाकुर्लीपर्यंत तुम्ही सुई बाहेरही काढलेली असायची.

टोचण्याआधी सांगितल्याशिवाय तुम्ही कधी टोचलं नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. लक्ष दुसरीकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं, पण त्यासाठी माणसाला फसवावं लागत नाही. पोट हलेल इतकं हसवायचं नाही, ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसायचं, हेही तुमच्याकडे बघूनच शिकले. शेजारच्या काकूंना सुई देताना मी पावकी-निमकीचे पाढे म्हणायला लावते. त्यांना स्टेशनांत काडीचा रस नाही!

संध्याकाळचं इंजेक्शन आता माझा मुलगा देतो. कर्जत लाइन आजोबांना सोपी वाटायला लागलीय, म्हणून परवापासून दोघं कसाऱ्याहून निघतात.

एकदा पेन-सुई विसरून नुसत्या जेवायला या. बाबा रोज विचारतात.

तुमची,
नौपाड्यातल्या बाबांची मुलगी