चि. ऋतुजाच्या रेस सायकलीविषयी

गेंट, बेल्जियम

तीर्थस्वरूप दादा व सौ. वहिनी यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

ऋतुजासाठी रेसची सायकल घ्यायचे ठरले असून दुकानदाराने वजनाला सर्वांत हलकी सायकल सुचवली आहे, हे तुमच्या पत्रावरून समजले. पोरगी घाट चांगला चढते, तेव्हा तिला घाटाचीच सायकल द्यावी, हा हिशेब ऐकायला सरळ वाटतो. मला मात्र तो पटलेला नाही, आणि का पटला नाही ते सविस्तर लिहिते.

खुलताबादहून म्हैसमाळ चढताना ती बरोबरच्या मुलांनाही मागे टाकते, हे तुम्हीच कळवले होते. तिचे वजन ४८ किलो. सायकल ८ किलोची धरली तर एकूण ५६ किलो होतात. त्यातला एक किलो कमी केला, तर २० मिनिटांच्या चढाला फार तर २० सेकंद वाचतील. हा फायदा खोटा नाही, उलट हलक्या स्वाराला तो जड स्वारापेक्षा जास्तच मिळतो. पण जिथे ती आधीच पुढे असते, तिथे आणखी थोडे पुढे जाण्यासाठी सर्वांत जास्त पैसे मोजण्यात मला शहाणपण दिसत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमानुसार रेसमधल्या सायकलीचे वजन ६.८ किलोच्या खाली चालत नाही.

ती मागे पडते ती पैठणच्या सरळ रस्त्यावर. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेले की स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते, आणि हवेसाठी लागणारी ही ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. म्हणजे ३५ वरून ४० वर जायचे तर जवळजवळ दीडपट जोर हवा. थोराड बांध्याच्या मुलींकडे तो असतो. इकडे आमच्या रविवारच्या गटात हे नेहमी पाहायला मिळते: मोकळ्या शेतांमधून आडवा वारा सुटला की सगळे तिरप्या रांगेत एकमेकांच्या आडोशाला जातात, आणि ज्याला रांगेत जागा मिळत नाही तो डांबराच्या अगदी कडेला एकटा झुंजत राहून बघता बघता दिसेनासा होतो. असे सुटणारे बहुधा किडकिडीत, घाटात पटाईत असलेलेच असतात. २०२४ च्या महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये डच सायकलपटू डेमी व्होलरिंगने आल्प द्युएझचा अखेरचा चढ जिंकला, तरी एकूण शर्यत ती अवघ्या ४ सेकंदांनी हरली, कारण आधीच्या एका टप्प्यात पडल्यामुळे तिचा दीड मिनिटाहून जास्त वेळ गेला होता. चढावरची कमाई चढाबाहेर अशी जाते.

म्हणून माझे मत असे की, फ्रेम मधल्या प्रकारची घ्यावी: नळ्या हवा कापण्याच्या दृष्टीने घडवलेल्या, पण निव्वळ स्प्रिंटरसाठी (शेवटच्या टप्प्यात सुसाट सुटणाऱ्या स्वारासाठी) असते तशी जड आणि अंग ठेचणारी नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हवेचा मोठा अडसर सायकलीचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. ऋतुजाची उंची पाच फूट दोन इंच. तिच्या मापाच्या फ्रेमवर ती कोपरे वाकवून तासभर खाली राहू शकली, तर महागड्या फ्रेमपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. मोठ्या मापाची सायकल ‘वाढत्या अंगाची आहे’ म्हणून गळ्यात मारली जाते (आपल्याकडे शाळेचा गणवेशही असाच घेतात), ती घेऊ नका. हँडल तिच्या खांद्यांएवढेच रुंद आणि क्रँक (पेडलचा दांडा) १६५ मिलिमीटरची असावी. लहान फ्रेमवर वळताना पायाचे बोट पुढच्या चाकाला लागते का, हे दुकानातच तपासावे.

चाकांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. ५०-६० मिलिमीटर खोल रिम दिसायला झकास, पण काळ्या रानातून एप्रिलमध्ये वावटळ आडवी आली की एवढ्या हलक्या मुलीचे हँडल हिसकावले जाते, ३५-४० पुरे. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) आणि आत सीलंट (बारीक छिद्र बुजवणारा द्रव), कारण येडी बाभळीचे काटे कुणाची गय करत नाहीत. हवा ५०-६० पीएसआयच (हवेच्या दाबाचे माप) भरावी. पंक्चरवाला शंभर भरून देईल, त्याला अडवावे.

गिअरसाठी पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दात्यांच्या चकत्या घ्याव्यात. ५०-११ वर मिनिटाला ९० पेडल मारले तर ताशी सुमारे ५२ किलोमीटर होतात, तेव्हा याहून मोठ्या दात्यांची तिला गरज नाही. इलेक्ट्रिक गिअरचा मोह टाळून केबलचेच घ्यावेत, म्हणजे संभाजीनगरात कोणीही चांगला मेकॅनिक ते बसवू शकेल. उरलेल्या पैशांत अंगाला चिकटून बसणारा रेसचा पोशाख आणि चांगले हेल्मेट येईल.

पैसे भरण्यापूर्वी ऋतुजाला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी करा, दोन पायांमध्ये जाड वही घट्ट वर धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे माप मला कळवा. त्याला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या आसापासून सीटची उंची साधारण निघते. दुकानदाराकडून फ्रेमचा स्टॅक (उभी उंची) आणि रीच (आडवी लांबी) हे दोन आकडेही लिहून घ्या. ‘स्मॉल’ एवढ्यावर भागत नाही, कारण प्रत्येक कंपनीचे स्मॉल वेगळे असते. ही मापे आली की मी इथल्या जाणकाराला दाखवून लगेच उत्तर पाठवते.

आईला नमस्कार, ऋतुजाला आशीर्वाद.

तुमची,
सुनंदा